लाईन थांबवायचा हक्क कुणाचा, ते आधी बघ

बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर) आहेस, बंगळूरजवळ बिडदीला टोयोटात आणि पुण्याजवळ चाकणला, दोन्हीकडे अर्ज टाकलायस, आणि विचारतोयस की गाडी जोडायची लाईन सगळीकडे सारखीच ना? नाही रे. दिसायला सारखी, आत कारभार वेगळा.

आपल्याकडं माप चुकलं की तू मशिन थांबवतोस, ऑफसेट देतोस (मापातला फरक भरून काढतोस), पुढं चालू. लाईनवर गाडी सरकत असते आणि तुझ्या वाट्याला मिनिट-दीड मिनिटाचं काम. फोर्डनं १९१३ साली हायलँड पार्कला हे सुरू केलं, तेव्हा चॅसिस (गाडीचा सांगाडा) जोडणी साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आली. तिथपर्यंत सगळे सारखेच.

मिनिटात काम बसलं नाही तर काय, इथं फरक पडतो. मी चाकणला ज्या कारखान्यात होतो तिथं लाईन थांबवणं म्हणजे साहेबाचं काम. बोल्ट तिरका चढला, आटे गेले, तरी गाडी पुढं. मग शेवटी रिपेअरवाल्यानं त्या एका बोल्टसाठी अर्धा डॅशबोर्ड उतरवायचा.

टोयोटाच्या पद्धतीत ऑपरेटरच दोरी ओढतो किंवा बटण दाबतो. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जायच्या आत दुरुस्ती झाली तर लाईन थांबत नाही, नाहीतर थांबते. लीडरकडं माणसं मोजकी, म्हणूनच तो लगेच पोचतो. हे फक्त जपानी माणसाला जमतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना संप आणि दांड्यांनी बदनाम होता, १९८२ ला बंद पडला. १९८४ ला टोयोटाबरोबर पुन्हा उघडला, कामगार बहुतेक जुनेच, आणि गाड्या चांगल्या निघायला लागल्या.

टोयोटाच्या पद्धतीतही काम हलकं नसतं बरं. हात कुठून कुठं न्यायचा तेसुद्धा लिहिलेलं, मिनिट पूर्ण भरलेलं. स्वीडनमध्ये व्होल्वोनं उद्देव्हाला इथं १९८९ पासून लाईनच काढून टाकली होती, छोटी टोळी उभ्या गाडीवर अख्खी गाडी जोडायची. मला ती पद्धत मनापासून आवडते, पण मंदीत १९९३ ला तो कारखाना बंद झाला.

मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचार: एका लीडरकडं किती जण? कामं आलटून-पालटून देतात का? ठेक्यावरच्या पोरालाही दोरी ओढता येते का? आणि बिडदीला गेलास तर कन्नड बाजारापुरतं चालायचं नाही. लीडरला बिघाड नीट सांगता येईल इतकं आत्तापासून बोलायला लाग.