आईची भीती आणि माझी वही

"मॅडम, तुम्ही फक्त हिला समजवा. बाकी सगळं ठरलंय." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या वडिलांचं पहिलंच वाक्य.

ठरलं होतं ते असं, की नऊ वर्षांच्या मुलाला उपचार म्हणून घोडेस्वारीला घालायचं. मुलाला डाउन सिंड्रोम. पाठची बहीण असल्यामुळे घरात सगळे त्याला दादा म्हणत. मीही इथे तेच म्हणते. (ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.) केंद्र बघून झालं होतं, वारही ठरला होता. अडून बसली होती ती आई. तिचं एकच पालुपद, "पडला तर?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की उत्तर तोंडपाठ झालंय. एक जण लगाम धरून पुढे चालतो, दोघं दोन बाजूंना असतात, आणि गरज असेल तर मुलाच्या मांडीवरून हात टाकून खोगीर धरून ठेवतात. डोक्याला हेल्मेट, आणि पाय अडकून राहणार नाही अशी रिकीब. घोडा बहुतेक वेळ नुसता चालतो. दुडकी चालसुद्धा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. छत्री उघडली, चेंडू आपटला, कुणी जोरात ओरडलं तरी बिचकू नये अशी त्या घोड्यांची तयारी करून घेतलेली असते. तरीही घोडा म्हणजे शेवटी जनावर, धोका शून्य होत नाही, हेही मी सांगते.

आई ऐकून घेत होती. पटत मात्र काहीच नव्हतं.

वडिलांनी मोबाइल पुढे केला. त्यात लिस हार्टेलची गोष्ट होती. डेन्मार्कच्या या बाईला 1944 साली पोलिओ झाला आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने घोडेस्वारीतल्या ड्रेसाज प्रकारात रौप्यपदक मिळवलं. "बघा, पोलिओ असून!" ते म्हणाले. गोष्ट खरीच आहे, आणि अशा केंद्रांना पुढे जो उठाव मिळाला त्यात तिचा मोठा वाटा आहे. पण या गोष्टीतले दोन तपशील नेहमी गाळले जातात. आजारपणाच्या आधीच ती कसलेली स्वार होती. आणि पदक मिळालं तरी तिच्या गुडघ्याखालची ताकद काही परत आली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला तिला माणूस लागायचा. घोड्याने तिला तिची स्वारी परत दिली, पाय दिले नाहीत. मी हे बोलले तेव्हा वडील जरा हिरमुसले.

मग फायदा होतो तो कशाने? चालताना घोड्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलते, आणि वर बसलेल्याची कंबर जवळपास आपण स्वतः चालताना हलते तशी हलत राहते. घोड्याची मिनिटाला साधारण शंभर पावलं धरली, तर वीस मिनिटांत दोनेक हजार वेळा शरीराला तोल सावरावा लागतो. 'नीट बस' म्हणून कुणी ओरडावं लागत नाही. दादासारख्या मुलांचे स्नायू मुळात सैल असतात, म्हणून पाठ-पोटाला हा व्यायाम मोलाचा. त्याने बोलणं स्पष्ट होईल, अभ्यास सुधारेल, असं मात्र मी कुणालाच सांगत नाही.

एवढं झाल्यावर मी वहीत लिहिलं: 'आई – अतिकाळजी. पुढच्या वेळी एकटीशी बोलणे.'

पुढच्या वेळी ती एकटी आली. मी विचारलं, "पडला तर, असं म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर नेमकं काय येतं?" मला वाटलं, टापांखाली सापडलेलं मूल, रक्त, असं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "पडलेला दिसतच नाही. त्याची मान मागे झटकली गेलेली दिसते."

"मानच का?"

"गाडीचा ब्रेक लागला की हल्ली तो दोन्ही हातांनी मान धरतो ना."

मग हळूहळू बाकीचं निघालं. गेले तीन-चार महिने जिन्यावर तो पुन्हा हात मागत होता. दोन वर्षं कोरडा झोपणारा मुलगा अंथरूण ओलं करायला लागला होता. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला होता, 'बहिणीचं कौतुक सहन होत नाही.' खरं सांगायचं तर माझाही तोच अर्थ तयार होता. आमच्या व्यवसायाची ही खोड आहे. अंथरूण ओलं झालं की आम्हाला आधी मत्सर दिसतो.

केंद्राचा अर्ज तिच्या पिशवीतच होता, कोरा. नवरा भरणार होता. आम्ही दोघींनी तो वाचला. त्यात डाउन सिंड्रोमसाठी वेगळा रकाना होता: मानेची आणि मज्जासंस्थेची तपासणी, डॉक्टरांच्या सहीसह, आणि ती दरवर्षी. या मुलांपैकी काहींच्या मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधले अस्थिबंध सैल असतात. मणका सरकला तर मज्जारज्जूवर दाब येतो. त्याच्या खुणा म्हणजे मान दुखणं किंवा वाकडी धरणं, चाल बदलणं, हातातली पकड कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं. एक्स-रे एकदा चांगला आला म्हणून कायमची सुटका होत नाही, म्हणून तर दरवर्षीची अट. ज्या हलण्याने पाठीला बळ येतं, तेच अशा मानेला घातक.

मी अर्ज खाली ठेवला आणि म्हणाले, "आज संध्याकाळीच डॉक्टरांना दाखवा. उद्यावर टाकू नका."

तपासणीत तेच निघालं. घोडा, कोलांट्या, ट्रॅम्पोलिन, सगळं बंद. पुढे मणक्याची शस्त्रक्रिया झाली. तो भाग डॉक्टरांचा, मी त्यात शिरत नाही.

माझ्या वाट्याला आले ते वडील. "मीच त्याला घोड्यावर बसवणार होतो," हे वाक्य ते कितीतरी वेळा म्हणाले. त्यांचा दोष काय होता? त्यांना मुलाला काहीतरी द्यायचं होतं. आईचं दुःख वेगळं होतं. आपण बोलतोय ते कुणाला ऐकूच येत नाही, याची तिला सवय झाली होती. मी तिची माफी मागितली आणि वहीतली ती ओळ तिला दाखवली. वाचून ती म्हणाली, "सासूबाईसुद्धा हेच म्हणतात, फक्त लिहून ठेवत नाहीत."

हे वाचून कुणी आपल्या मुलाची स्वारी रद्द करू नये. डाउन सिंड्रोम असलेली, मानेची तपासणी ठीक असलेली मुलं घोड्यावर बसतात. सेरेब्रल पाल्सीच्या एका मुलीच्या घट्ट आवळलेल्या मांड्या घोड्याच्या उबदार पाठीवर दहा मिनिटांत सैल होताना मी पाहिल्या आहेत. पण निखळलेला खुबा, पाठीचा मोठा बाक, ताब्यात नसलेली फिट, ठिसूळ हाडं, बसण्याच्या जागी जखम, यातलं काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नका. आणि केंद्रात गेलात की घोडे किती, फी किती, याच्या आधी एक विचारा: "गेल्या वर्षात तुम्ही कुणाला 'नको' म्हणालात का, आणि कशासाठी?" ज्यांनी कधीच कुणाला परत पाठवलेलं नाही, तिथे मी तरी माझं मूल नेणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच महिन्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, दादा त्याच केंद्रात जायला लागला. बसायला नाही, खरारा करायला. प्रशिक्षक शेजारी उभे राहतात, घोड्याचं डोकं दुसऱ्याच्या हातात असतं. ब्रश फिरला की घोड्याची कातडी थरथरते आणि हा खदखदून हसतो. आयाळ विंचरायचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय. दुसऱ्या कुणी हात लावला की भांडतो.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. दादा तिला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आई, तू लांब हो. मी करतो."

"मग, झालात लांब?" मी विचारलं.

"अर्धं पाऊल," ती म्हणाली.