सारांश झाला, विश्लेषण कुठे आहे?

प्रश्न : मॅडम, मी टी.वाय.बी.ए.ला इंग्रजी घेतलं आहे. शाळा मराठी माध्यमाची. जॉन कीट्सच्या ‘टू ऑटम’ या शरद ऋतूवरच्या कवितेवर निबंध लिहिला. कवीचं चरित्र, रोमँटिक काव्याची वैशिष्ट्यं, तिन्ही कडव्यांचा अर्थ, अलंकार, सगळं दिलं. सरांनी एवढाच शेरा मारला : ‘सारांश झाला, विश्लेषण कुठे आहे?’ नव्याने लिहायला कुठून सुरुवात करू? निबंध सोबत जोडला आहे.
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : निबंध वाचला. कडव्यांचा अर्थ तू नीट लावला आहेस, म्हणजे निम्मं काम झालं आहे. पण तुझी पहिली दोन पानं कुठल्याही रोमँटिक कवितेला तशीच्या तशी चालतील. सरांचा आक्षेप तिथे आहे.

आधी दोन वाक्यं खोड. ‘या कवितेत पानगळीचं चित्र आहे’ असं तू म्हणतेस. कविता उघडून गळणारं एक तरी पान शोध बरं. फळांनी वाकलेली सफरचंदाची झाडं आहेत, फुगलेले भोपळे आहेत, अर्धवट कापलेलं शेत आहे. पानगळ नाही. ते वाक्य गाईडमधलं आहे.

दुसरं वाक्य, ‘मृत्यू समोर दिसत असताना कीट्सने ही कविता लिहिली.’ कविता १९ सप्टेंबर १८१९ची, विंचेस्टरची. धाकटा भाऊ टॉम डिसेंबर १८१८मध्ये क्षयाने गेला होता, हे खरं. पण कीट्सला स्वतःला खोकताना रक्त पडलं ते फेब्रुवारी १८२०मध्ये, आणि तो रोममध्ये वारला १८२१ला. नंतरचं आपण मागे नेऊन कवितेला चिकटवतो. मरणाविषयी लिहायचंच असेल तर कवितेतच जागा आहेत. तिसऱ्या कडव्यात दिवस हळुवार मरतो आहे, चिलटं शोक करताहेत, वारा क्षणात जगतो, क्षणात मरतो. त्या ओळींवर बोट ठेव.

आता सुरुवात. पेन्सिल घे आणि यमकं जुळव. कीट्सने त्याच वर्षी नाइटिंगेल पक्ष्यावर आणि ग्रीशियन अर्नवर, म्हणजे ग्रीक कलशावर, ओड (कुणाला तरी उद्देशून लिहिलेली कविता) लिहिली; त्यांची कडवी दहा ओळींची आहेत. इथलं कडवं अकरा ओळींचं. प्रत्येक कडव्यात नववी आणि दहावी ओळ एकमेकींशी जुळतात. दुसऱ्यात ‘ब्रुक’ आणि ‘लुक’, तिसऱ्यात ‘सॉफ्ट’ आणि ‘क्रॉफ्ट’. कानाला वाटतं, कडवं मिटलं. तेवढ्यात अकरावी ओळ येते आणि पार मागे सुटलेल्या सातव्या ओळीच्या यमकाला जाऊन मिळते.

त्या अकराव्या ओळींत काय आहे ते बघ. पहिल्या कडव्यात मधमाश्यांना वाटतं, उबेचे दिवस सरणारच नाहीत, आणि जादा ओळीत पोळ्यातला मध काठोकाठ भरून ओसंडतो. दुसऱ्यात ऋतू माणसासारखा सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या पेयाच्या, चरकाशेजारी बसून रसाचे शेवटचे थेंब तासन्‌तास पाहत राहतो. तिसऱ्यात सातव्या ओळीच्या शेवटी ‘डाइज’ हा शब्द आहे; त्याची जोडी अकराव्या ओळीत ‘स्काइज’शी लागते, आणि आकाशात स्वॉलो पक्षी जमू लागतात. हे पक्षी हिवाळ्याआधी इंग्लंड सोडून दक्षिणेकडे जातात. मला ही सबंध कवितेतली सर्वांत सुंदर जागा वाटते.

एवढं दिसलं की तुझं विधान तयार झालं : ‘प्रत्येक कडव्यातली जादा ओळ ऋतूला थोडा वेळ धरून ठेवते, आणि शेवटच्या कडव्यात तीच निरोपाची होते.’ यावर कुणी ‘मला नाही पटत’ असं म्हणू शकतो, म्हणून त्यावर निबंध उभा राहतो. ‘कीट्स निसर्गाचं सुंदर वर्णन करतो’ याच्याशी कोण कशाला वाद घालेल? हेच विधान घे असं नाही, तुझं वेगळं असू दे. पण ते कवितेतल्या ओळींवर टेकलेलं हवं.

चरित्राचा परिच्छेद काढून टाक. अलंकारांची यादीही. रोमँटिक काव्याबद्दलचं एकच वाक्य ठेव, तेही तपासून. रोमँटिक कवी स्वतःच्या भावना ओततो, असं तू लिहिलं आहेस. नाइटिंगेलवरच्या ओडचा पहिलाच शब्द ‘माय’ आहे. या कवितेत ‘मी’ एकदाही येत नाही. मग ते वाक्य इथे कसं बसवणार?

इंग्रजीत अडखळत असशील तर मुद्दे आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत घे. त्यात कमीपणा काही नाही. अवतरण दोन-चार शब्दांचंच घे. चार-चार ओळी उतरवून खाली अर्थ सांगायला लागलीस की पुन्हा सारांश सुरू होईल.

आणखी एक जागा तुझ्यासाठी सोडते. पहिल्या कडव्यात अकरा ओळी सरतात तरी व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य पुरं होत नाही, मुख्य क्रियापदच नाही. आणि दुसरं कडवं थेट प्रश्नाने उघडतं. याचं काय करायचं ते तू ठरव. परिच्छेद जमला की मला जरूर पाठव.