पायरीवर बसणं कुणाला आवडतं?

पत्र : आमचं दांडिया बाजारातलं जुनं घर. सासऱ्यांचे आजोबा सयाजीराव महाराजांच्या दरबारी होते. नवी सून कामाच्या बेनना आमच्याबरोबर टेबलाशी चहाला बसवते, पाहुण्यांसमोरसुद्धा. बोलले तर म्हणते, माणसं सगळी सारखीच. घराला काही रीत असते की नाही? खुद्द बेननाही ते नको असतं. 'मने अहीं ज फावे' (मला इथेच बरं पडतं) म्हणत त्या मागच्या पायरीवरच बसतात. गुडघ्यांमुळे उठताना बिचाऱ्यांना भिंत धरावी लागते. सुनेला कसं समजावू?
– एक सासूबाई, वडोदरा

ताई, सुनेचं राहू द्या. भिंत धरून उठणाऱ्या बेन माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. गुडघे धरलेल्या बाईला खालची पायरी फावते, हे तुम्हाला खरंच पटलं? लग्नाकार्यात तुम्ही-मी आधी खुर्ची शोधतो. खुर्चीवर टेकलं की तुमच्या कपाळावर जी आठी पडते, ती बेनना दिसते. पगार तुमच्या हातात आहे. 'नको' म्हणणं त्यांना परवडतं, 'हो' म्हणणं परवडत नाही.

दरबाराचा दाखला तुम्हीच दिलात, म्हणून सांगते. ते महाराज जन्मले नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला, शेतकऱ्याच्या घरात. १८७५ साली दत्तक आले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. गोपाळ हे त्यांचं मूळ नाव; कालचा गोपाळ आज गादीवर बसला, माणूस तोच. पुढे त्यांनीच शिष्यवृत्ती दिलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्यात नोकरीला आले, तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कामाठीबागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागली. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला! त्यांना दार बंद करणारेही घराची रीतच सांभाळत होते, ताई. आपल्याच गावातली गोष्ट आहे ही.

उद्या चहाच्या वेळी सुनेला मध्ये न आणता खुर्ची तुम्ही ओढा. उभ्या उभ्या 'बसा' म्हणू नका. आधी स्वतः बसा, शेजारी त्यांचा कप ठेवा, तुमच्याच सेटमधला. त्या 'ना ना' म्हणतील. पुन्हा म्हणा, आग्रह करा, जेवायला आलेल्या व्याह्यांना करता तसा. बसल्या की गुडघे डॉक्टरांना दाखवलेत का ते विचारा, आणि नसतील दाखवले तर घेऊन जा. तेवढ्यात कुणी पाहुणे आले आणि बेन उठायला लागल्या, तर त्यांना उठू देऊ नका. पाहुण्यांचा कप तुम्ही आणा.