वाद नेमका कुठे अडलाय, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. या सत्रात ऱ्हेटरिक (बोलून पटवण्याचं शास्त्र), तत्त्वज्ञान आणि चालू घडामोडी हे तीन विषय एकत्र आलेत. शेवटी तिन्हींना धरून एकच मोठा निबंध द्यायचा आहे. मागच्या निबंधावर शिक्षकांनी 'माहिती भरपूर, युक्तिवाद दिसत नाही' असा शेरा दिला होता. या वेळी तुम्ही विषय घेतलाय ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचा, म्हणजे सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं उघडता येणार नाही तो कायदा. आराखडाही तुम्ही दिलाय: आधी बातमी, मग नेत्यांच्या भाषणांतलं इथॉस, पॅथॉस आणि लोगॉस (वक्त्याची विश्वासार्हता, भावना आणि तर्क), मग मिल आणि कांट हे दोन तत्त्वज्ञ, आणि शेवटी 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे'.

मी हेच विषय बरीच वर्षं शिकवते आहे, आणि अशा आराखड्यावर बेतलेले निबंध सतत वाचते. स्पष्ट सांगते, असाच लिहिलात तर तोच शेरा परत येईल. तुमची मेहनत कमी आहे असं नाही. यात तीन विषय एकाखाली एक मांडलेत, पण एकाचं दुसऱ्यावाचून काही अडत नाही. मिलचा भाग काढून टाकला तरी भाषणांचं विश्लेषण जसंच्या तसं राहतं, आणि भाषणं काढली तरी मिलचा भाग हलत नाही. ज्या निबंधातून कुठलाही परिच्छेद सहज उचलता येतो, त्यात युक्तिवाद नसतो.

इथॉस-पॅथॉस-लोगॉस थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याआधीचं एक काम आहे, आणि अभ्यासक्रमात ते बहुतेक वेळा एका तासात उरकलं जातं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात हर्मागोरस नावाचा ग्रीक शिक्षक होऊन गेला. त्याचे ग्रंथ आज हाती नाहीत, पण त्याची पद्धत सिसेरो आणि क्विंटिलियन या रोमन लेखकांच्या लिखाणातून पुढे आली. तो विचारायचा की दोन पक्ष भांडताहेत ते नेमकं कशावर? गोष्ट घडली की नाही यावर? घडली हे मान्य, पण तिला काय म्हणायचं यावर? काय म्हणायचं तेही मान्य, पण ती योग्य की अयोग्य यावर? की हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावर? या अडलेल्या जागेला ग्रीक भाषेत स्टेसिस म्हणतात. न्यायालयातल्या वकिलांसाठी शोधलेली ही पद्धत चालू घडामोडींना इतकी चपखल बसते की मी विद्यार्थ्यांना हिच्याशिवाय बातमी वाचूच देत नाही.

तुमच्याच विषयावर लावून बघा. कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. मुलांना किंवा पालकांना दंड नाही. सोळाखालच्यांची खाती रोखण्यासाठी सोशल मीडिया कंपनीने वाजवी पावलं उचलली नाहीत, तर तिला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आता वाद कुठे आहे?

पहिला वस्तुस्थितीचा. सोशल मीडियामुळे किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य बिघडतं का? वापर जास्त आणि त्रासही जास्त, असं दोन्ही एकत्र दिसणं ही एक गोष्ट. वापरामुळेच त्रास झाला हे दाखवणं ही दुसरी. आधीच एकटं पडलेलं मूल फोनकडे जास्त वळतं, अशीही शक्यता असते. संशोधकांमध्ये खरा मतभेद इथे आहे, आणि तुमच्या आराखड्यात त्याला जागाच नाही.

दुसरा व्याख्येचा. कायद्याने मोजपट्टी अशी ठेवली की ज्या सेवेचा एकमेव किंवा एक महत्त्वाचा हेतू वापरकर्त्यांमधला ऑनलाइन सामाजिक संवाद हा आहे, ती सोशल मीडिया. मग यूट्यूब काय? सरकारने आधी त्याला सूट द्यायचं ठरवलं होतं, जुलै २०२५ मध्ये भूमिका बदलली आणि यूट्यूब यादीत आलं. व्हॉट्सअ‍ॅप मात्र बाहेर राहिलं. कायदा तोच, व्याख्या कुठे टेकवायची एवढ्यावरून कोट्यवधी व्हिडिओंची एक अख्खी सेवा कायद्याच्या आत किंवा बाहेर. याच पातळीवर आणखी एक झटापट चालू आहे: टीकाकार याला 'बंदी' म्हणतात, तर तिथल्या ऑनलाइन सुरक्षा आयुक्तांचं कार्यालय म्हणतं की ही बंदी नाही, खातं उघडण्याचं वय फक्त पुढे ढकललंय. हे दोन शब्द भाषणांमध्ये कोण कुठे वापरतं याची नोंद करा. ऱ्हेटरिकचा तुमचा निम्मा मजकूर तिथेच मिळेल.

तिसरा योग्यायोग्यतेचा, आणि चौथा अधिकाराचा. पालकांची परवानगी असली तरी कायद्यात सवलत नाही. म्हणजे मुलाच्या वतीने कोणी ठरवायचं, घराने, राज्याने की कंपनीने, या प्रश्नाला कायद्याने स्वतःचं उत्तर देऊन टाकलंय. विरोध करणाऱ्यांपैकी बरेच जण मुलांना त्रास होतो हे मान्य करतात. त्यांचा आक्षेप या चौथ्या जागी असतो. त्यांना आकडे दाखवून उत्तर देणारा वक्ता दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

तुमचा निबंध खरा इथून सुरू होतो. एकाच विषयावरचे दोन वक्ते वेगवेगळ्या जागी उभे असतात, आणि सार्वजनिक चर्चेतला बराच गोंधळ त्यातून होतो. कोण कुठे उभा आहे आणि वाद दुसरीकडे सरकवण्यात कोणाचा फायदा आहे, हे दाखवलंत की ऱ्हेटरिक, तत्त्वज्ञान आणि बातमी वेगळी ठेवताच येणार नाहीत.

वाद सरकवणं म्हणजे काय, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या इतिहासाच्या तिसऱ्या पुस्तकात सापडतं. इसवी सनापूर्वी ४२७. मिटिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते मोडलं गेलं, आणि अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवलं की तिथले सगळे प्रौढ पुरुष मारायचे आणि बायकामुलांना गुलाम करायचं. हुकूम घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप वाटू लागला आणि सभा पुन्हा भरली. क्लिऑन हा अथेन्सचा नेता म्हणाला, निर्णय बदलू नका, अन्याय झाला तेव्हा तुम्हाला जे वाटलं होतं ते आठवा. डायोडोटस त्याला विरोध करायला उभा राहिला. आपण आज वाचताना अपेक्षा करतो की तो दयेची भीक मागेल. तो तसं करत नाही. तो म्हणतो, ते दोषी आहेत की नाहीत हा प्रश्नच आपल्यापुढे नाही. आपण न्यायालयात बसलेलो नाही, आपलं हित कशात आहे ते ठरवायला बसलोय. शरण आलेल्यांनाही मारायचं ठरलं, तर पुढचं बंडखोर शहर शेवटपर्यंत लढेल.

अ‍ॅरिस्टॉटलने पुढच्या शतकात भाषणांचे तीन प्रकार सांगितले. न्यायालयीन भाषण झालेल्या गोष्टीबद्दल असतं आणि न्याय-अन्याय तोलतं, विचारविनिमयाचं भाषण पुढच्या गोष्टीबद्दल असतं आणि हित-अहित तोलतं, आणि तिसरं स्तुतीचं किंवा निंदेचं असतं. डायोडोटसने सभेला पहिल्यातून दुसऱ्यात नेलं. थोड्या मतांनी तो जिंकला, दुसरं जहाज दिवसरात्र वल्ही मारत गेलं आणि हुकमाची अंमलबजावणी व्हायच्या बेतात पोहोचलं. पण इथे थांबू नका, कारण तत्त्वज्ञानाचा प्रश्न यानंतर येतो. माणसं वाचली ती 'निरपराधांना मारणं चूक आहे' म्हणून वाचली नाहीत. मारणं तोट्याचं आहे म्हणून वाचली. उद्या तेच फायद्याचं ठरलं तर? बंडाचे म्होरके म्हणून हजाराहून अधिक जणांना त्यानंतर मारलंच. हा प्रसंग वर्गात शिकवताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं, आणि तसं व्हावं असंच मला वाटतं. (ही भाषणं शब्दशः नोंदलेली नाहीत, प्रसंगाला साजेसं असं आपण लिहिलंय, हे थ्युसिडिडीस स्वतःच पहिल्या पुस्तकात सांगतो. संदर्भ देताना 'डायोडोटस म्हणाला' इतकंच न लिहिता हेही नोंदवा.)

आता मिल. तुम्ही लिहिलंय की 'ऑन लिबर्टी'तलं हानीचं तत्त्व या कायद्याच्या विरोधात जातं. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाच्या स्वातंत्र्यात हात घालू नये, हे ते तत्त्व. मूळ पुस्तक उघडून पहिलं प्रकरण वाचा. १८५९ च्या या पुस्तकात मिलने तत्त्व मांडल्यावर लगेच सांगितलंय की हे पूर्ण वाढ झालेल्या माणसांसाठी आहे, मुलांसाठी नाही. म्हणजे मिलला नुसतं साक्षीला उभं केलंत तर तो तुमच्याच विरुद्ध साक्ष देतो. त्याच परिच्छेदात तो 'मागासलेल्या' समाजांनाही या स्वातंत्र्यातून वगळतो. तो १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, हे लक्षात ठेवून ती वाक्यं वाचावीत. स्वतःचं भलं कळण्याची कुवत कोणाला आहे हे कोण ठरवतं, हा प्रश्न तिथेच उघडा पडतो, आणि तुमच्या सोळा वर्षांच्या रेषेचा प्रश्नही तोच आहे. पंधराव्या वर्षी नसलेली कुवत सोळाव्या वाढदिवशी येते का? येत नसेल तर कायद्याला रेषा कुठेतरी ओढावीच लागते, एवढं समर्थन पुरेसं आहे का? यावर दोन पानं लिहा आणि कांट सोडून द्या. एक तत्त्वज्ञ नीट वाचलेला बरा.

ह्यूम या तत्त्वज्ञाचा एक मुद्दा मात्र जवळ ठेवा, तो त्याच्या 'ट्रीटाइज' या ग्रंथाच्या १७४० मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात आहे: 'आहे' अशा वाक्यांवरून लेखक न सांगता 'असायला हवं'वर उडी मारतात. 'अमुक अभ्यासात त्रास दिसला, म्हणून कायदा हवा' या वाक्यात मधली एक पायरी गाळलेली आहे. किती त्रास असला की राज्याने हस्तक्षेप करावा? ती पायरी तुम्ही उघड लिहा. भाषणात ती का गाळली जाते, हेही लिहा: श्रोता ती मनातल्या मनात स्वतः भरतो, आणि स्वतः भरलेली गोष्ट त्याला जास्त पटते.

पॅथॉसबद्दल. 'वक्त्याने भावनांना आवाहन केलं' हे वाक्य निबंधातून काढून टाका, ते जगातल्या प्रत्येक भाषणाबद्दल खरं आहे. अ‍ॅरिस्टॉटल 'ऱ्हेटरिक'च्या दुसऱ्या पुस्तकात प्रत्येक भावनेबद्दल तीन गोष्टी विचारायला सांगतो. राग घ्या: माणूस कुठल्या मनःस्थितीत रागावतो, कोणावर रागावतो, आणि कशामुळे? हे तीन प्रश्न एका भाषणातल्या एकाच परिच्छेदाला विचारा. मंत्री एखाद्या दुःखी पालकाचा उल्लेख करतात, तेव्हा राग कंपनीवर वळतो की भीती पडद्यावरच्या अनोळखी माणसाबद्दल वाटू लागते? दोन्हींतून निघणारी मागणी वेगळी आहे. रागातून शिक्षेची मागणी येते आणि भीतीतून कुंपणाची. या कायद्यात दंडही आहे आणि वयाची रेषाही, त्यामुळे दोन्ही शोधा.

शेवटी तटस्थतेचं. तुम्ही विचारलंय की बाजू घेतली तर गुण कमी होतील का. माझं उत्तर असं की बाजू घ्या, पण पूर्वपक्ष (म्हणजे समोरच्याचं म्हणणं) असा मांडा की तो मानणाऱ्या माणसाने वाचून म्हणावं, होय, मला हेच म्हणायचं होतं. आपल्या दर्शनग्रंथांची ही शिस्त आजही कोणत्याही निबंधाला उपयोगी पडते. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत: तत्त्व शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा खोडायचा ती वितंडा. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' हा समारोप सभ्य दिसतो, पण तोही स्वतःचा पक्ष मांडत नाही. 'व्याख्येच्या पातळीवर कायदा सैल आहे, अधिकाराच्या पातळीवर मला तो पटतो' असं काही लिहा. हे मत अर्धवट नाही, नेमकं आहे. आणि ज्या जागी पुरावा अपुरा वाटतो तिथे तसंच लिहा.

हाताशी दोन आठवडे आहेत म्हणता, तर पहिले तीन-चार दिवस काहीही लिहू नका. कायद्याचा मूळ मजकूर वाचा, तो संसदेच्या संकेतस्थळावर आहे आणि फार लांब नाही. मग एक कायद्याच्या बाजूचं आणि एक विरोधातलं अशी दोनच भाषणं निवडा, पाच नकोत. समासात प्रत्येक परिच्छेदापुढे वस्तुस्थिती, व्याख्या, योग्यायोग्यता, अधिकार यांपैकी एक शब्द लिहीत जा. जिथे एका भाषणातला शब्द दुसऱ्यातल्या शब्दाशी जुळत नाही, त्या जागांवर खूण करा. त्यातली सगळ्यात ठळक जागा निवडून तिच्याबद्दल एक वाक्य लिहा, आणि तेच निबंधाचं पहिलं वाक्य ठेवा. बातमीची पार्श्वभूमी त्यानंतर चार ओळींत आली तरी पुरते.