पार्टिसिपल फ्रेज : आधी कर्ता कोण ते बघा

'वॉकिंग डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड ब्यूटिफुल' हे तुमचं वाक्य शिक्षकांनी चूक ठरवलं, पण मराठीत तर ते बरोबर वाटतं, मग चुकलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न फार चांगला आहे, कारण ही चूक मराठीच्या सवयीतूनच येते.

'रस्त्याने चालताना झाडं सुंदर दिसत होती.' चालणारा कोण हे इथे सांगावं लागत नाही. '-ताना' लागलं की त्या क्रियेचा कर्ता वेगळा असला तरी चालतो. 'मी जेवताना फोन आला' यात जेवणारा मी, येणारा फोन. '-ऊन' सहसा एकच कर्ता मागतं ('हात धुऊन ती जेवायला बसली'), पण 'मला इथे येऊन दहा वर्षं झाली' हेही आपण सर्रास बोलतो. इंग्रजीत एवढी मोकळीक नाही. वाक्याच्या सुरुवातीला पार्टिसिपल फ्रेज, म्हणजे 'वॉकिंग'सारख्या क्रियापदाच्या रूपाने सुरू होणारा शब्दसमूह, आली की मुख्य वाक्याचा कर्ता तोच तिचाही कर्ता धरतात. म्हणजे तुमच्या वाक्यात झाडंच चालायला लागली. याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात.

'वॉकिंग डाउन द रोड, आय सॉ ब्यूटिफुल ट्रीज' असं केलं की वाक्य सुटतं. पण मला 'अ‍ॅज आय वॉक्ड डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड ब्यूटिफुल' जास्त आवडेल, कारण तुम्हाला सांगायचंय ते झाडांबद्दल. कर्ता बदलून वाक्य दुरुस्त करताना मूळ मुद्दा हरवू देऊ नका.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजाचं भूत म्हणतं, 'स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी'. झोपलेला राजा, पण रचनेप्रमाणे झोपतो साप! नाटकात संदर्भामुळे ते खपतं. परीक्षेत किंवा अर्जात अशी रचना टाळलेलीच बरी. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'जनरली स्पीकिंग' यांना मात्र ही अट नाही, ते शब्द रूढ होऊन बसलेत.

आता 'इंग' रूप पार्टिसिपल (विशेषणासारखं वापरलेलं) आहे की जेरंड (नामासारखं वापरलेलं), हे ओळखायचं कसं? नामाआधीच्या 'इंग' रूपाला मराठीत '-णारा' लावून बघा. 'रनिंग वॉटर' म्हणजे वाहणारं पाणी, म्हणून पार्टिसिपल. 'रनिंग शूज' म्हणजे धावणारे बूट नव्हेत, धावण्यासाठीचे, म्हणून जेरंड.

पास्ट पार्टिसिपलला, म्हणजे 'रिटन'सारख्या क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाला, '-लेला' जुळतं, आणि खरी गोम इथेच आहे. 'तिने लिहिलेलं पत्र' म्हणजे 'द लेटर रिटन बाय हर', हे जमतं. मग त्याच चालीवर 'मुंबईहून आलेला माणूस' याचं मुलं 'द मॅन कम फ्रॉम मुंबई' करतात, आणि ते साफ चूक. नामानंतर येणारं पास्ट पार्टिसिपल बहुतेक वेळा कर्मणी अर्थाचं असतं. पत्र लिहिलं जातं, माणूस 'आला जात' नाही. तिथे 'द मॅन हू केम फ्रॉम मुंबई' असंच म्हणायचं. 'फॉलन लीव्ज', 'अ रिटायर्ड टीचर' अशी थोडी अकर्मक रूपं नामाआधी चालतात. ती भेटतील तशी लक्षात ठेवा.

प्रत्येक '-ऊन'साठी 'हॅविंग' वापरायचीही गरज नाही. लागोपाठच्या क्रियांना 'ओपनिंग द ड्रॉवर, ही टुक आउट अ की' पुरतं. पहिली गोष्ट पूर्ण झाली आणि मग दुसरी, हे ठसवायचं असेल तेव्हा 'हॅविंग फिनिश्ड द वर्क, शी वेंट होम'.

स्वल्पविरामाकडे नीट लक्ष द्या. 'द स्टुडंट्स लिव्हिंग फार अवे मे लीव्ह अर्ली' म्हणजे फक्त लांब राहणाऱ्यांना लवकर जायची मुभा. 'लिव्हिंग फार अवे'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिलेत की सगळेच लांब राहतात आणि सगळ्यांनाच मुभा मिळते. नोटीस लिहिताना हा फरक महागात पडू शकतो.

अर्जांत हमखास दिसणारं एक वाक्य म्हणजे 'बीइंग संडे, द बँक वॉज क्लोज्ड'. यात बँक रविवार ठरते. फ्रेजला स्वतःचा कर्ता द्या : 'इट बीइंग संडे, द बँक वॉज क्लोज्ड'. हे शुद्ध आहे, पण जरा जडच. साध्या पत्रात मी 'अ‍ॅज इट वॉज संडे' लिहीन.