मुलं हात लावू देत नाहीत, मग हेड टू टो असेसमेंट कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की पीडियाट्रिक वॉर्डला पोस्टिंग लागलंय, असेसमेंट भरून द्यायचंय आणि जवळ गेलं की मुलं भोकाड पसरतात. मी लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, सरळच सांगते, हेड टू टो, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत, हा क्रम लिहिताना पाळायचा, पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला तपासताना नाही. आधी जे मिळतंय ते घ्या, वहीत नंतर क्रमाने लावा.

तान्हं बाळ झोपलेलं असेल तर उठवू नका, तुमचं नशीब चांगलंय. दुपटं हळूच बाजूला करून पोटाकडे बघत श्वास मोजा, पूर्ण 1 मिनिट, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. 2 महिन्यांखाली 60 किंवा जास्त (आला तर परत मोजा), 2 महिने ते 1 वर्ष 50, 1 ते 5 वर्षं 40 किंवा वर गेला की जलद. रडताना घेतलेला आकडा धरू नका. मग स्टेथो तळहातावर गरम करून हार्ट रेट, डोक्यावरची टाळूसुद्धा बाळ शांत असताना आणि उभं धरून बघा, रडताना ती फुगलेलीच लागते. वजनाला मात्र स्वेटर टोपडं सगळं काढायला लावा, आजी रागावल्या तरी.

सगळ्यात अवघड एक ते तीन वर्षांची. यांना टेबलवर झोपवायच्या भानगडीत पडू नका, आईच्या मांडीवरच तपासा. गेल्या गेल्या मुलाकडे बघायचंच नाही, आईशी बोलायचं, जेवतो का, शी कधी झाली, आणि बोलता बोलता नजर मुलावर, छाती आत ओढली जातेय का, दोन्ही हात वापरतो का, पुरळ आहे का, अर्धं काम तिथेच होतं. मग स्टेथो त्याच्या हातात द्या, आधी आईला लावा नाहीतर त्याच्या गाडीला. "बघू का रे?" असं विचारूच नका, तो नाही म्हणणार आणि तुम्ही तरी बघणार, मग तो परत कशाला ऐकेल तुमचं. "आधी हा कान की तो?" असं विचारा. कान आणि घसा सगळ्यात शेवटी. आणि "गप बस नाहीतर सिस्टर सुई टोचेल" असं घरचे म्हणतात ना, त्यांना तिथल्या तिथे थांबवा, गोड बोलून पण थांबवा, मला याचा खरंच राग येतो.

तीन ते सहाची मुलं शब्द शब्द खरा धरतात, रक्त काढणार म्हटलं की सगळंच काढणार वाटतं. बीपीचा पट्टा हाताला घट्ट मिठी मारेल असं सांगा, टॉर्च फुंकून विझवायला द्या. हा पट्टा (कफ) मात्र मापाचा हवा, लहान पडला तर बीपी उगाच जास्त येतं. पोटाला गुदगुल्या होत असतील तर त्याचाच हात खाली ठेवून वरून दाबा.

शाळेतल्या मुलांना हेड टू टो चालतं, फक्त प्रश्न त्यालाच विचारा आणि पडदा लावा.

टीनएजरला पालक आत हवेत का ते विचारा, थोडा वेळ तरी एकट्याशी बोला. पण "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा.

आणि कुठल्याही वयाचं मूल ताप, लाळ गळतेय, पुढे वाकून बसलंय, आवाज दबलेला असं दिसलं तर घसा बघायला जीभ दाबू नका, रडवू नका, झोपवू नका, आईजवळ आहे तसंच बसू द्या आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवा.