विकास आराखड्यावर सामान्य माणसानं हरकत घेऊन खरंच काही उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहराचा सुधारित विकास आराखडा जाहीर झालाय, कॉलनीशेजारच्या मैदानाचं आरक्षण (सार्वजनिक वापरासाठी जागा राखून ठेवणं) उठवून तिथं रहिवासी पट्टा दाखवलाय, गल्लीतून नवा डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला रस्ता, काढलाय, आणि नगरसेवक म्हणतात की सगळं वरूनच ठरतं. मग हरकत द्यावी का, आणि वकील लावावा लागतो का?

हरकत द्याच. नगरसेवकांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी छत्रपती संभाजीनगरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. नकाशे काढणं हे पोटापाण्याचं काम, आणि ओळखीपाळखीतल्या लोकांना हरकती लिहून देणं हे गळ्यात पडलेलं.

तुम्हाला आत्ता दिसतोय तो प्रारूप आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली तो प्रसिद्ध होतो आणि त्यावर कुणालाही हरकत किंवा सूचना देता येते. जागा तुमच्याच नावावर पाहिजे अशी अट नाही. भाडेकरू देऊ शकतो, मैदानावर खेळणाऱ्या पोरांचे आईबाप देऊ शकतात. बॉन्डवर घेतलेल्या गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या, प्लॉटवर राहणारे लोक उगीच मागं सरकतात, ‘आपलंच रेकॉर्ड कच्चं’ म्हणून. त्यांनी तर आधी द्यावी, कारण त्यांची घरं नकाशावर पुष्कळदा मोकळी जमीन म्हणूनच दिसतात. मुदत मुंबईबाहेर साधारण 30 दिवसांची असते. नोटिशीतली तारीख नीट बघा आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी आवक टेबलाला जत्रा असते. हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आलेल्या हरकती कलम 28 प्रमाणे नियोजन समितीसमोर जातात. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. ही समिती सुनावणी घेते, पण सुनावणी म्हणजे कोर्टासारखा युक्तिवाद डोळ्यांसमोर आणू नका. बाहेर पॅसेजमध्ये गर्दी, नाव पुकारलं की आत, समोर नकाशा पसरलेला, आणि बोलायला मिळतात एक-दोन मिनिटं. तेवढ्यात ‘साहेब, अन्याय होतोय’ एवढंच म्हटलं तर साहेब मान डोलावतात आणि पुढचं नाव पुकारलं जातं.

बहुतेक हरकती पडतात त्या कागदातच. एकच मजकूर झेरॉक्स करून शंभर जणांच्या सह्या घेतात. तो गठ्ठा तिथं एकच मुद्दा म्हणून निकाली निघतो. गट नंबर नाही, शीट नंबर नाही, आरक्षण क्रमांक नाही. ज्या माणसाला ती हरकत वाचायची आहे त्याला नकाशावर बोट कुठं ठेवायचं तेच कळत नाही. त्यापेक्षा पाच घरांनी पाच वेगळी कारणं, पुराव्यासकट मांडली तर ती पाच वेळा वाचावी लागतात.

टिकतात त्या बहुधा नकाशातली चूक दाखवणाऱ्या हरकती. आराखडा करण्याआधी कलम 25 प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावा लागतो, ईएलयू म्हणतात त्याला. कुठं घरं, कुठं शाळा, कुठं नाला, सगळं त्यात असायला पाहिजे. तुमच्या गल्लीतला रस्ता उभ्या घरांवरून गेलाय का, आणि ईएलयूमध्ये ती घरं दाखवलीच नाहीत का, हे आधी बघा. नसतील दाखवली तर तुमच्या हातात भक्कम मुद्दा आला. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, असेल तर गुंठेवारीच्या नियमितीकरणाचा दाखला (2001 च्या कायद्याखालचा) आणि तारखेसकट फोटो जोडा. आणि रस्ता नुसता ‘रद्द करा’ म्हणू नका. कुठून वळवता येईल ते आराखड्यातल्या तेवढ्या भागाच्या नकाशाच्या प्रतीवर लाल पेनानं काढून द्या. नगररचना विभागाला जोडरस्ता पाहिजेच असतो. तुम्ही पर्याय दिलात तर त्यांनाही बदल लिहायला जागा मिळते. पलीकडच्या गल्लीवर ढकलायचा मात्र विचार असेल तर त्या गल्लीचीही हरकत येणार, हे धरून चाला.

जुना नाला किंवा वहिवाटीची वाट दाखवायची असेल तर आपल्या मराठवाड्यात एक सोय आहे: 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक (जमिनीची जुनी सरकारी नोंद) आणि भूमी अभिलेखकडचा गाव नकाशा. नकला निघायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच टाका. नाल्याला नकाशावर पिवळा, म्हणजे रहिवासी वापराचा, रंग देऊन पुढं पावसाळ्यात घरात पाणी शिरल्याची उदाहरणं तुमच्याही शहरात असतीलच.

आता मैदान. इथं आधी एक तपासा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे: ते आराखड्यातलं आरक्षण आहे, की तुमच्याच मंजूर लेआउटमधली खुली जागा? साधारणपणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, आणि सगळ्या प्लॉटधारकांचा तिच्यावर हक्क असतो. तसं असेल तर मंजूर लेआउटची प्रत जोडून ‘ही खुली जागा आहे, रहिवासी वापर दाखवणं चूक आहे’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे. जुन्या आराखड्यातलं खेळाच्या मैदानाचं आरक्षण असेल तर ते उठवण्याचं कारण अहवालात काय दिलंय ते शोधा. आराखड्यासोबत अहवाल असतो, लोक नुसता नकाशा बघून येतात. लोकसंख्येच्या मानानं त्या भागात किती मैदानं पाहिजेत आणि किती उरतात, हा हिशेब त्याच अहवालातून मांडता येतो. त्यांचेच आकडे त्यांच्यासमोर ठेवले की उत्तर द्यायला त्यांना जड जातं.

हरकतीचा मजकूर साधारण असा ठेवा: ‘शीट क्र. अमुक, गट नं. अमुक येथील जुन्या मंजूर आराखड्यातील आरक्षण क्र. अमुक (खेळाचे मैदान) प्रारूप आराखड्यात वगळले आहे. अर्ध्या किलोमीटरच्या परिघात दुसरे मैदान नाही. आरक्षण पूर्ववत ठेवावे. व्यक्तिशः सुनावणी मिळावी.’ शेवटचं वाक्य विसरू नका. बाकी संतवचनं, घटनेची प्रस्तावना वगैरे घालायची गरज नाही.

नगरसेवकांचं ‘वरून ठरतं’ हे म्हणणं पुढच्या टप्प्याला लागू होतं. समितीच्या अहवालानंतर आराखडा शासनाकडं जातो आणि कलम 31 खाली मंजुरी मिळते. तिथं बदल होतात, कधी चांगले, कधी कुणाच्या तरी सोयीचे. पण बदल मोठे, मूळ आराखड्याचं स्वरूप पालटणारे असतील तर शासनाला तेवढा भाग बाजूला ठेवून पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. आमच्या भाषेत त्याला ईपी म्हणतात, म्हणजे मंजुरीतून वगळलेला भाग. आराखडा मंजूर झाल्याची बातमी आली की लोक हळहळतात आणि घरी बसतात. त्याच वेळी ईपीच्या यादीत त्यांचा गट नंबर असू शकतो आणि हरकतीची दुसरी संधी चालू असते.

या शहरातलं एक उदाहरण माहीत असेल. वाढीव हद्दीच्या आराखड्यात सर्वसाधारण सभेनं केलेले फेरफार 2016 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढं गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. त्या काळात ज्यांची जमीन अडकली त्यांचे हाल झाले हे खरं. पण सभागृहात हात वर करून काहीही मंजूर करता येतं, हा समज त्यातून मोडला.

माझा अनुभव असा की मैदानं जाहीर सुनावणीत क्वचित जातात. ती जातात नंतर, कुणाचं लक्ष नसताना, आणि त्याच्या दोन वाटा आहेत. एक कलम 37: मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल. त्याची नोटीस राजपत्रात आणि पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते, हरकतीला महिनाभर मिळतो. ‘किरकोळ’ या सदरात काय काय बसवलं जातं ते बघून मी थक्क होणं सोडून दिलंय. कॉलनीत रोज दोन पेपर घेणारे एखादे निवृत्त काका असतातच, जाहीर नोटिसांचं पान त्यांच्याकडं सोपवा.

दुसरी वाट कलम 127. आरक्षित जमीन 10 वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत महापालिकेनं संपादनासाठी हालचाल केली नाही तर आरक्षण आपोआप संपतं. मालकाच्या बाजूनं बघितलं तर यात वावगं काही नाही, त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवणार? अडचण पैशाची असते. मोबदला द्यायला तिजोरीत पैसा नसतो, टीडीआर (पैशाऐवजी मिळणारा, दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायला मालक तयार नसतो, आणि नोटिशीची फाईल कुठल्यातरी टेबलावर 24 महिने काढते. त्यामुळं आज तुमची हरकत मान्य होऊन मैदान नकाशावर परत आलं, तरी ते राहील याची खात्री नाही. दरवर्षी अंदाजपत्रक बनत असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच, ‘या आरक्षणाच्या संपादनासाठी तरतूद करा’ असं पत्र आयुक्तांना आणि स्थायी समितीला गेलं पाहिजे. मार्चमध्ये दिलेलं पत्र पुढच्या वर्षासाठीच धरा.

127 च्या किती नोटिसा आल्यात हे कळणार कसं? राज्य शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या आदेशाप्रमाणं स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. पुष्कळ कार्यालयांत कर्मचाऱ्यांनाच हे ठाऊक नसतं, म्हणून आदेशाची प्रत खिशात ठेवा. नाहीच दाखवलं तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत.

नगरसेवकांना मात्र सोडू नका, त्यांना सोबत घ्या. इथं एप्रिल 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि नंतर काही वर्षं प्रशासकच होता. तेव्हा लोकांना कळलं की वॉर्डाचं नाव घेऊन भांडणारा माणूस आत नसला की आपली हरकत कुणी मांडतच नाही. कायद्यात लोकांना सहभागी करून घेण्याची सोय खरं तर याहून जास्त आहे. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असतात, त्यांत सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. ‘आमच्या समितीत ते तीन कोण आहेत?’ एवढं लेखी विचारून बघा. 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या भागाभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही कायद्यात आली, केंद्राच्या नागरी योजनेचे पैसे घेण्याची ती एक अट होती. आपल्याकडं नांदेड त्या योजनेत होतं. पैसे आले, रस्ते झाले, क्षेत्रसभा काही भरल्या नाहीत.

याची गंमत शहराच्या कडेला राहणाऱ्यांना जास्त कळेल. ग्रामपंचायत असते तोवर वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि सरपंचाला समोरासमोर हिशेब विचारता येतो. गाव महापालिकेत गेलं की हा हक्क जातो, कर तेवढा वाढतो. इथं महापालिकेत आलेल्या सातारा-देवळाईची माणसं हे जास्त चांगलं सांगतील.

आणि विचारलंच नाही तर काय होतं तेही या शहरानं बघितलंय. नारेगावात वर्षानुवर्षं शहराचा कचरा पडत होता. आसपासच्या गावांनी फेब्रुवारी 2018 मध्ये गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. पर्यायी जागा शोधायला गाड्या दुसरीकडं वळवल्या, तर मिटमिट्यात मार्चमध्ये दगडफेक आणि जाळपोळ झाली. तिथल्या लोकांनाही आधी कुणी विचारलेलं नव्हतं.

वकिलाचं म्हणाल तर हरकतीच्या टप्प्यावर गरज नाही. ते पैसे नकाशाच्या प्रती, मोजणी आणि खासऱ्याच्या नकलांवर घाला. जमलं तर नगररचनेतून निवृत्त झालेल्या एखाद्या माणसाला चहाला बोलवा. वकील लागेल तो आराखडा मंजूर झाल्यावर, खंडपीठात जायची वेळ आली तर. तिथं रहिवाशांना दाद मिळते. बंगळुरूच्या एका वसाहतीतलं उद्यान खासगी रुग्णालयाला द्यायचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये रहिवाशांच्याच बाजूनं निकाल देऊन रद्द ठरवला होता. पण मुदतीत हरकत दिली होती का, सुनावणीला हजर होता का, हे समोरची बाजू पहिल्यांदा विचारते. म्हणून तो आवक शिक्क्याचा कागद आणि सुनावणीच्या पत्राची प्रत एकाच फायलीत लावून ठेवा. सुनावणीच्या दिवशी हजेरीच्या कागदावर सही केल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि तोंडी बोललेलं सगळं लेखी म्हणणं म्हणून तिथंच देऊन या.